खाण संपली, उत्तरदायित्व संपले नाही

मसुरे म्हटले की आंगणेवाडीची भराडी देवी, गड नदीचे पात्र आणि भरतगड डोळ्यांसमोर उभे राहतात. हा गड उभारताना फोंड सावंतांनी कातळ फोडून खोल विहीर खोदली, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या पूर्वजांनीही भूमी खोदली. परंतु त्या खोदण्यातून पाणी लाभले. आज मालवण तालुक्यातील सड्यांवर सोडून दिलेल्या चिरेखाणी दिसतात. चिरा संपला, यंत्रे पुढच्या सड्यावर गेली, मागे उरले उभ्या कडांचे उघडे खड्डे. पावसाळ्यात ते तुडुंब भरतात आणि मुलांच्या व गुरांच्या जिवावर उठतात.

चिऱ्याशी कोकणी माणसाचे वैर नाही. घर, देऊळ, विहीर, सारे जांभ्याचेच. अनेक घरांची चूल या खाणींवर पेटते. म्हणून खरा प्रश्न हा की, खाण संपल्यावर त्या भूमीचे उत्तरदायित्व कोणाचे?

केनियात मोंबासाजवळ सिमेंटसाठी चुनखडी काढून ओसाड झालेल्या खाणीत रेने हॅलर यांनी १९७१ मध्ये सुरूची झाडे लावण्यास आरंभ केला. गळलेला पाला कुजेना, तेव्हा त्यांनी आपण ज्याला 'पैसा' म्हणतो तो बहुपाद किडा आणून सोडला. त्याने पाला खाऊन माती घडवली आणि तेथे उद्यान उभे राहिले. आपल्या शेजारी गोव्यात साखळीच्या जुन्या लोहखाणीवर झाडी वाढली, फुलपाखरांचे उद्यान झाले, खाणीच्या पाण्यात मासे वाढवले गेले. गुरुग्राममध्ये दगडखाणींच्या जागी नागरिकांनी स्थानिक वृक्ष लावून अरवली जैवविविधता उद्यान साकारले.

मात्र अनुकरण डोळसपणे व्हावे. सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. श्रावणात त्यावर सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा फुलतो. याच तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. तेव्हा न खोदलेल्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे ही निसर्गसेवा नव्हे. काम खड्ड्यापुरते असावे. उभी कड उतरती करावी, फुटक्या चिऱ्यांचा गडगा घालावा, एक भाग पाण्यासाठी राखावा आणि उरलेल्यात माती भरून जांभूळ, बकुळ, सुरंगी, करवंद लावावे.

'पुढे उद्यान करू' हे आश्वासन नव्या खाणीचा परवाना ठरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे २९ जुलै २०२१ रोजी खाणीचा बांध फुटून चिखल घरादारांत व शेतांत शिरला. ती जखम कोणत्याही बागेने झाकता येणार नाही. खाणकाम संपल्यावर त्या भूमीवर पुन्हा गवत व चारा उगवेल अशी अट घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला. खाणबाधित भागांच्या हितासाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली. साधने आहेत, उणीव आहे ती पाठपुराव्याची.

आपल्या गावांनी देवाची राई कोणत्याही शासकीय आदेशावाचून राखली. तेथील फांदी तोडण्यास हात धजावत नाही, कारण ती जागा गावाची आहे ही भावना मनात रुजलेली आहे. तीच भावना सोडलेल्या खाणीविषयी जागवायला हवी. जमीनमालकाच्या संमतीने प्रत्येक गावाने एक खाण निवडावी, ग्रामसभेत ठराव करावा, मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीला गावी आल्यावर एक दिवस तेथे श्रमदान करावे. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या अंगावरची जखम उघडी टाकून पुढे जाणे शोभत नाही. आरंभ आपल्याच गावच्या सड्यापासून करू या.