चुलीवरचा लेप

सूनबाईनें न चिकटणारा काळा तवा आणला, आणि तो ठेवावा कीं टाकावा, असा वाद घरांत उपस्थित झाला. १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट यांस गवसलेला टेफ्लॉन स्वतः बहुतांशीं निष्क्रिय. परंतु तो घडवितांना पूर्वीं योजिलें जाणारें पीएफओए हें द्रव्य निसर्गांत नाश पावत नाहीं व रक्तांत वर्षानुवर्षें राहतें. २०१९ सालीं स्टॉकहोम करारान्वयें त्यावर बंदी ठरली. तथापि त्याऐवजीं आलेलीं कांहीं द्रव्यें त्याच कुळांतलीं! इटलींत त्रिस्सिनो येथें अशा कारखान्यानें भूजल नासलें; २०१८ सालीं त्याचें दिवाळें वाजलें, आणि यंत्रसामग्री आली रत्नागिरी जिल्ह्यांत, लोटे परशुराम येथें. तेव्हां हा प्रश्न परका नव्हे.

बिडाच्या तव्यास जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन तो चांगला तापविला म्हणजे तेलच घट्ट होऊन लेप बनतो. पितळेस कल्हई उत्तम. मात्र ती शिसेंविरहित असावी, आणि कथील २३२ अंशांस वितळत असल्यामुळें रिकामें भांडें चुलीवर ठेवूं नये.

"बिडाचा तवा जड, तो उचलावा कोणीं?" हा सूनबाईचा प्रश्न रास्तच होता. अखेर असें ठरलें कीं, तवा बिडाचा, पण त्यास तेल देणें व तो उचलून ठेवणें हें काम पुरुषमंडळींचें. वाचकांनींही आपल्या घरीं हा करार करून पाहावा.