चाकाची घरघर

मागच्या अंकात आपण बॅटरीबद्दल बोललो, या वेळी चाकांकडे वळू. हिवाळा ओसरला की मंडळातल्या कोणाची ना कोणाची गाडी हमखास वाजू लागते. गेल्या वर्षी एका कुटुंबाला दुकानदाराने चार नवे टायर विकले आणि आवाज जसाच्या तसा राहिला. दोष बेअरिंगचा होता. ते पैसे पाण्यात गेले, म्हणून हा लेख.

बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरते ती छर्र्यांची किंवा रोलरची पोलादी कडी. आत ग्रीस असते. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण. यातला बराचसा लिथियमचा साबण आपल्या ओळखीच्या एरंडेलापासूनच बनतो! बाहेरच्या सीलमधून मिठाचे पाणी आत शिरले की ग्रीस बिघडते, पोलाद गंजते, त्यावर बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवरून छर्रे फिरतात तीच घरघर.

आता ओळखायचे कसे? रेडिओ आणि पंखा बंद करा, काचा वर घ्या आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० मैलांनी जा. शक्यतो कोणाला तरी मागे बसवून ऐकायला सांगा.

१) वेग वाढला की आवाज वाढतो का? अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही आवाज चालूच राहतो का? तसे असेल तर दोष बहुधा इंजिनात नसून चाकांकडे आहे.

२) रस्त्याच्या सौम्य वळणावर कान द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूवर. बहुतेक वेळा हा नियम चालतो.

३) गुळगुळीत डांबरावर आवाज एकदम बदलला तर आधी टायर पाहा. टायरवरून हात फिरवा. करवतीसारखे उंचसखल लागले तर दोष तिथे असू शकतो. पुढचे टायर मागे लावल्यावर आवाजही मागे गेला तर शंकाच नको.

४) ब्रेक दाबताच आवाज बदलला तर ब्रेक तपासा. पार्किंगमध्ये पूर्ण वळताना कट्-कट् असा आवाज आला तर तो बहुधा अॅक्सलच्या सांध्याचा असतो.

चाक उचलून पाहायचे असेल तर सपाट जागा हवी, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे हवेत आणि जॅकखेरीज स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट सैल आहे. मग स्प्रिंगवर हात ठेवून चाक हाताने फिरवा. स्प्रिंगमध्ये खरखर जाणवली तर चोर सापडला. मात्र खडखड नाही म्हणून बेअरिंग ठीक, असे समजू नका. आवाज बरेचदा आधी येतो, सैलपणा नंतर.

आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग सीलबंद असते. ग्रीस भरून भागत नाही, बदलावेच लागते. काही गाड्यांत एबीएसचा सेन्सर त्यातच असतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवाही लागू शकतो.

मेकॅनिककडे जाताना "बेअरिंग बदला" म्हणू नका. "४० मैलांना घरघर, डावीकडे वळताना जास्त" एवढेच लिहून द्या, आणि दोष कुठे आहे ते दाखवायला सांगा. कागदावर लिहिलेल्या लक्षणांपुढे उगाच चार टायर विकणे अवघड जाते.

आणि एक कळकळीची विनंती. देशातून आईवडील आले आहेत, नायगारा ठरला आहे, आणि चाक घरघरते आहे, तर आधी ते दुरुस्त करा. बेअरिंग पार गेले तर चाक अडकू शकते, क्वचित निखळूही शकते. सहल आठवड्याने पुढे ढकलली तरी नायगारा तिथेच राहणार आहे.

पुढच्या अंकात उन्हाळा आणि कूलंट. शंका असल्यास पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी आम्ही भेटूच.