'पर्यंत'चा धंदा

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. एका तासाला 'तक', दुसऱ्या तासाला 'पर्यंत'. हा शब्द फक्त वरची हद्द सांगतो, खालची नाही, हे मी मुलांना इतकी वर्षं समजावतोय. आणि गेल्या महिन्यात स्वतःच फसलो.

शाळेतल्या एका पीसीसाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. खरेदी माझ्या गळ्यात पडली. खोक्यावर ठसठशीत '३५०० एमबी प्रति सेकंद' आणि त्याआधी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अप टू'. बसवून चाचणी घेतली तर १७००. मग पीसीमधल्या जुन्या साटा एसएसडीवरून तासांचे व्हिडिओ त्यात टाकायला घेतले. सुरुवातीला ४८० चा वेग होता. चाळीसेक जीबी झाल्यावर तो ९० वर आला आणि तिथेच बसला. स्टाफरूममध्ये विचारणा झाली, "सर, स्वस्तातली आणलीत का?" दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब देणाऱ्यालाच या प्रश्नाची बोच कळेल.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "सर, तुमचा पीसी जुना आहे."

ते अर्धं खरं निघालं. ३५०० साठी पीसीआयई तिसऱ्या पिढीच्या चार लेन लागतात. आमच्या मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेला दोनच होत्या, म्हणून आकडा अर्धा. ही चूक माझी. घेण्याआधी मदरबोर्डची माहितीपुस्तिका उघडायला हवी होती. काही एम.२ खाचांमध्ये तर फक्त साटा चालतं, तिथे साडेपाचशेच्या वर जाताच येत नाही. एसएसडी काठोकाठ भरलेली असेल किंवा तापली असेल, तरी वेग पडतो. एवढं आपण तपासायलाच हवं.

पण ९० चं काय? त्याचा लेनशी काही संबंध नाही. स्वस्त एसएसडीत बहुधा क्यूएलसी चिप असते, म्हणजे एका पेशीत चार बिट. असं दाटीवाटीचं लेखन मंद होतं. म्हणून कंपनी मोकळ्या जागेचा काही भाग कच्च्या वहीसारखा वापरते. तिथे एका पेशीत एकच बिट भराभर लिहायचा आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवायचा. खोक्यावरचा लेखनाचा आकडा या कच्च्या वहीचा. ती भरली की खरं हस्ताक्षर दिसतं, आणि ते खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. वाचनाचा आकडाही एका मोठ्या, सलग फाइलचा. विंडोज सुरू होताना वाचले जातात ते बारीक बारीक तुकडे, आणि तिथे चांगली एसएसडीसुद्धा अनेकदा शंभरीच्या आत असते.

यूट्यूबवरचे सल्लागार सांगतात, ड्रायव्हर बदला, ट्रिम चालवा, बायोस अपडेट करा. मीही दोन संध्याकाळ तेच केलं. माल जसा बनवलाय तसाच चालत असताना दुरुस्ती कसली करायची? ग्राहकाला त्याच्याच घरात आरोपी करायची ही पद्धत आहे.

हे एका दुकानापुरतं नाही. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० या मॉडेलमधली चिप नाव न बदलता बदलली गेली. कच्ची वही भरल्यानंतरचा लेखनाचा वेग सुमारे ६१० वरून ३९० वर आल्याचं परीक्षणांत उघड झालं. बोभाटा झाल्यावर, यापुढे जाहीर केलेल्या आकड्यांवर परिणाम होणार असेल तर नवा मॉडेल क्रमांक देऊ, असं कंपनीने कबूल केलं. त्याच वर्षी क्रुशियलच्या पी२ मध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली, नाव तेच राहिलं. पहिल्या मालाची परीक्षणं वाचून लोक दुसराच माल घरी नेत होते.

'अप टू' लिहिलंय, म्हणजे खोटं नाही, असं म्हणणारे भेटतात. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करताना महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणंही तिच्यात धरतो. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर घटक कोणते, साखर किती हे छापावं लागतं. मग हजारोंच्या एसएसडीवर चिप कोणती आणि कच्ची वही भरल्यावर वेग किती, या दोन ओळी का नकोत?

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. खोक्याचा फोटो आणि चाचणीचे आकडे जोडले. त्याचीच एक प्रत वर्गणीच्या हिशोबासोबत स्टाफरूमच्या फळ्यावर लावली आहे.