आपण लिहितो एक, लोक शोधतात दुसरंच

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने ओबीसीचा जातीचा दाखला काढायला एका एजंटला साडेचार हजार रुपये दिले. पोरगा बारावी झालेला, हातात चोवीस तास मोबाइल. मी म्हटलं, “अरे, आधी गुगलवर बघायचंस ना!” तर म्हणाला, “ढूंढा था भाई, कुछ मिलाच नहीं.”

मला लागलं ते याचं की ही सगळी माहिती आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाच्या वेबसाइटवर तीन वर्षांपासून होती. आणि ती वेबसाइट मीच बनवलेली.

त्याच्या मोबाइलची हिस्टरी उघडून पाहिली. त्याने रोमन लिपीत टाइप केलं होतं : ‘तांबोळी कास्ट सर्टिफिकेट दाखल्यावर मुसलमान’. आमच्या पानाचं शीर्षक होतं : ‘मुस्लिम समाजातील मागासवर्गीय घटक आणि आरक्षणविषयक तरतुदी : एक दृष्टिक्षेप’. त्याच्या पाच शब्दांपैकी एकही आमच्या शीर्षकात नाही. तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी ही नावं पानावर होती, पण ती एका तक्त्यात, आणि तो तक्ता म्हणजे छापील पत्रकाचा फोटो. माणसाला तो वाचता येतो. पण पानाचा मजकूर म्हणून शोधयंत्राला त्यातलं काहीच मिळत नाही.

कीवर्ड म्हणजे काय, हे मला इंजिनिअरिंगला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीत शिकलो तेही चुकीचंच. पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या ओळीत पन्नास शब्द कोंबायचे, की झालं काम! गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर करून टाकलं होतं की क्रमवारी लावताना आम्ही ही ओळ बघत नाही. तरी आजही वेबसाइट बनवून देणारे तिचे पैसे घेतात. तोच शब्द परिच्छेदात वीस वेळा घुसवणं किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवणं, हे तर गुगलच्या नियमांत स्पॅम आहे. पान वर जायचं सोडून खाली जातं.

मग कीवर्ड कशाला म्हणायचं? अडलेल्या माणसाच्या तोंडचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत. सरकार म्हणतं ‘जात प्रमाणपत्र’, घरी अब्बा म्हणतात ‘जातीचा दाखला’, कॉलेजची पोरं म्हणतात ‘कास्ट सर्टिफिकेट’. आपल्यात तर घरी दखनी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरं अशी तिहेरी खिचडी. शोधयंत्रं पूर्वीपेक्षा शहाणी झाली आहेत, समानार्थी शब्द बऱ्यापैकी ओळखतात. पण मराठीत, त्यातही आपल्या विषयांवर, मुळात पानंच कमी. मग ओळखून ते दाखवणार काय? म्हणून तिन्ही शब्द पानावर हवेत. एकाच ओळीत कोंबून नव्हे, बोलताना येतात तसे.

शब्दामागे हेतूही असतो. ‘कास्ट व्हॅलिडिटी’ शोधणाऱ्याला पडताळणी समितीकडे जायचंय, दाखला त्याच्या हातात आहे. ‘१९६७ चा पुरावा’ टाइप करणाऱ्याला कुणीतरी सांगितलंय की ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो, आणि तो आजोबांची कागदपत्रं हुडकतोय. ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांना एकाच लांबलचक लेखात ढकललं तर दोघंही अर्ध्यात परत जातात.

मी ते पान मोडून चार पानं केली. ‘शाळेच्या दाखल्यावर जात मुसलमान लिहिली आहे : ओबीसी दाखला कसा काढायचा?’ हे पहिल्याचं शीर्षक. पहिल्याच परिच्छेदात उत्तर. तक्ता फोटोतून काढून मजकुरात टाइप केला, मोमीन-मोमिन, मण्यार-मनियार अशा दोन्ही लेखनांसकट. जुनी पत्रकं श्रीलिपीत होती. ती वेबसाइटवर चिकटवली की अक्षरांचा नुसता कचरा दिसे, म्हणून युनिकोडमध्ये बदलून घेतली. याला एक रविवार लागला, पैसा शून्य.

मंडळातल्या एका ज्येष्ठांना हे मुळीच आवडलं नाही. “बेटा, आपण काय साबण विकतोय का? मजकूर चांगला असला की लोक येतात.” त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे पटत नाही. चांगला मजकूर शोधत लोक फिरत नाहीत. ते आपल्या अडचणीचे चार शब्द टाइप करतात आणि वर दिसेल ते उघडतात. तिथे आपण नसलो तर ती जागा रिकामी राहत नाही. एजंट असतो, अर्धवट माहितीचा व्हिडिओ असतो, आणि विषय तलाकचा किंवा वक्फचा असेल तर आपल्याविषयी विष ओकणारं कुणीतरी असतंच. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ च्या अहवालात अशा ओस पडलेल्या शब्दांसाठी ‘डेटा व्हॉइड’ हा शब्द वापरला. चांगली माहिती नसलेला शोधशब्द वाईट हेतूच्या माणसाला आयताच सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

चाचांची एक भीती मात्र खरी आहे. शब्दांच्या मागे लागलं की माणूस सनसनाटीच्या मागे लागतो. ‘तीन तलाक’ शीर्षकात घातलं की आकडे वाढतात, मग आत काहीही असो. मी स्वतःपुरता नियम केलाय : ज्या प्रश्नाचं उत्तर पानावर नाही, तो शब्द शीर्षकात नाही.

तुमच्या मोहल्ल्यातल्या संस्थेची वेबसाइट असेल तर गुगलचं ‘सर्च कन्सोल’ जोडून घ्या, फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले, आणि पान दिसूनही त्यांनी ते उघडलं नाही, हे दोन्ही त्यात कळतं. मी महिन्यातून एकदा ती यादी वाचतो. एजंटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांचं बोलणं ऐकू यावं तसं वाटतं.

परवाच्या यादीत एक ओळ होती : ‘दादा का दाखला उर्दू स्कूल का है चलेगा क्या’. याचं पान आमच्याकडे अजून नाही. जुनं उर्दू रजिस्टर, त्याचा मराठी तर्जुमा आणि प्रांत कार्यालय, या वाटेने कुणी गेलं असेल तर मला कळवा, आपण मिळून लिहू.