फुसकी टिकली

दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या नातवाने माळ्यावरची फटाक्यांची पिशवी खाली काढली. गेल्या वर्षीच्या उरलेल्या भुईचक्रांबरोबर तिच्यात टिकल्यांचे पिस्तूल आणि टिकल्यांच्या तीन डब्या निघाल्या. स्वारी पिस्तूल घेऊन अंगणात गेली, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली आणि चाप ओढला. खट्! पुन्हा ओढला. खट्! पाचव्या-सहाव्या खेपेला एक टिकली जेमतेम फुसफुसली. हिरमुसला होऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे खरे पिस्तूल होते ना? त्यातली टिकली कधी फुसकी निघाली नाही ना?"

चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता त्याच्या आजीने स्वयंपाकघरातून माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक. मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर आज येथे देतो. कारण माझ्या वाचकांपैकी एखाद्याच्या कपाटात अजून असे हत्यार पडून असेल, आणि तोही माझ्यासारखाच त्याच्या भरवशावर असेल.

माझ्याजवळ होते ते पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्वर. बत्तीस बोअरचे, आखूड नळीचे, सहा गोळ्यांचे. आमचा धंदा गुळाच्या अडतीचा. हंगामात शेतकऱ्यांची पट्टी चुकती करायला रोख रक्कम घेऊन पन्हाळ्याच्या बाजूच्या खेड्यांतून हिंडावे लागे, आणि परतायला हमखास रात्र होई. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस आणि मधून एक गाडीवाट. शेजारच्या पेढीच्या दिवाणजींना एकदा अशाच वाटेवर लुटले, तेव्हा काकांनी मला परवाना काढायला लावला. १९८३ साली ते हत्यार माझ्या कमरेला आले.

दुकानदाराने सांगितले होते, "पिस्तूल लहरी असते, रिव्हॉल्वर इमानी." त्यात तथ्य होते. पिस्तुलात एक गोळी अडकली की सगळेच अडते. रिव्हॉल्वरचे तसे नाही. चाप ओढला की आतले एक पोलादी बोट सहा घरांच्या चक्राला एक घर पुढे ढकलते, खालून एक खुंटी वर येऊन चक्र जागच्या जागी धरून ठेवते आणि घोडा पडतो. एखादे काडतूस न उडाले तरी दुसऱ्यांदा चाप ओढा. पुढचे घर समोर हजर! शिवाय पिस्तुलात गोळ्या भरल्या की त्यांच्या पेटीतली स्प्रिंग दाबलेली राहते. रिव्हॉल्वर भरून ठेवले तरी एकही स्प्रिंग जादा ताणली जात नाही. म्हणून वर्षानुवर्षे पडून राहायला हेच हत्यार बरे, असे जाणते सांगतात. मी ऐकले ते एवढेच: पडून राहिले तरी चालते. आणि मी ते पडू दिले.

पडू दिले म्हणजे, कमरेवर होते. पण हात लागे तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी तराजू, वजने, वह्या आणि गुळाच्या ढेपा कापायचा विळा यांच्या रांगेत रिव्हॉल्वरही पाटावर बसे. मी ते रिकामे करी, फडक्याने पुसून शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने सोडी. घरातली मंडळी त्यावर हळद-कुंकू वाहत, अक्षता टाकत. मग काडतुसे भरून मी ते पुन्हा कमरेला लावी. माझ्या लेखी ही पूजाही झाली आणि देखभालही.

१९९० च्या खंडेनवमीला चक्र बंद करताना किंचित घट्ट वाटले. मी अंगठ्याने जोर दिला, ते बसले. तो अंगठ्याचा जोर मला आजही आठवतो.

त्यानंतरच्या जानेवारीत एका रात्री मी आणि आमचा हरकाम्या गडी जीपने परतत होतो. वाटेत एक बैलगाडी आडवी लावलेली. तिघेजण उसातून बाहेर आले. एकाच्या हातात कोयता. मी खाली उतरलो, जाकिटाची कड बाजूला सारली, मुठीवर हात ठेवला आणि माझा आवाज मला ओळखू येणार नाही अशा आवाजात दरडावलो, "एक पाऊल पुढं टाकाल तर आडवा करीन!" बॅटरीच्या उजेडात त्यांना मूठ दिसली असावी. क्षणभर कोणीच हलले नाही. मग कोयतेवाल्याने बैलांच्या कासऱ्याला हात घातला, गाडी बाजूला झाली आणि तिघे आले तसे उसात गेले. पुढचे दोन दिवस मी पेढीवर येईल त्याला ही हकीकत सांगत होतो. प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा चढत होता.

तिसऱ्या दिवशी मनात आले, एकदा हत्यार पाहून घ्यावे. चक्र बाजूला काढायला गेलो तर ते निघेना. चाप दाबून पाहावा तर आत गोळ्या. शेवटी तसेच फडक्यात गुंडाळून शहरातल्या एका जुन्या शिकलगार चाचांकडे नेले. बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांचा. त्यांनी नळी वाळूच्या पेटीकडे धरली, लाकडी हातोडीचा हलका ठोका देऊन चक्र मोकळे केले आणि काडतुसे काढली. चक्राच्या मागच्या अंगाला चांदणीच्या आकाराची एक चकती असते; तिने रिकामी काडतुसे बाहेर ढकलली जातात. ती चांदणी त्यांनी उचलली आणि चिमट्याने तिच्याखालचे काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवले.

तांदळाची कणी. कुंकवाने लाल झालेली, वाळलेल्या तेलाने दगडासारखी घट्ट.

त्या कणीने चांदणी केसभर वर उचलली होती. तिच्यामुळे काडतुसांचे बूड मागच्या पोलादावर घासत होते आणि चक्र जागीच आवळून बसले होते. "मालक," चाचा म्हणाले, "चाप ओढला असता तर हा हललाच नसता. दसऱ्यापासून तुम्ही कमरेला नुसता लोखंडाचा तुकडा बांधून फिरताय." मी बाकावर बसलो. तीन दिवस ज्याच्या जोरावर मिशीला पीळ देत होतो, ते हत्यार त्या रात्री माझ्याबरोबर नव्हतेच. कोयतेवाला एक पाऊल पुढे आला असता, तर हरकाम्या गड्याच्या लेकरांना तोंड दाखवायला मी तरी उरलो असतो की नाही, कोण जाणे.

चाचांनी त्या दिवशी माझा तासभर वर्ग घेतला. पुढे त्या विषयाचे मिळेल ते वाचत गेलो, आणि त्यांचे एकही वाक्य खोटे निघाले नाही.

पहिले म्हणजे तेल. थेंबभर तेल हत्याराला औषध आणि चमचाभर विष. जादा तेल धूळ धरते, वर्षभरात चिकट होते आणि मग लाखेसारखे वाळते. तेच तेल झिरपत काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत, म्हणजे नातवाच्या भाषेत टिकलीत, शिरले तर काडतूस निकामी होऊ शकते. दुसरे, कातडे. हत्यार आणि काडतुसे कातड्याच्या पाकिटात साठवू नयेत. कातडे घाम आणि पावसाळ्याची ओल धरून ठेवते. ताक कळकल्यावर पितळेच्या भांड्याला चढते तशी हिरवी कळा काडतुसांवर चढते, आणि अशी काडतुसे घरात घट्ट बसून निघत नाहीत. कोरड्या, थंड जागी काडतूस अनेक वर्षे टिकते. अंगावर वागवलेले मात्र दरसाल बदलावे. तिसरे, चांदणी ज्या दांड्यावर बसते तो दांडा काही बनावटींत आट्यांचा असतो. वापरात आटे सैल होतात, दांडा लांबतो आणि चक्र बाहेरच येत नाही. चौथे, खिसा. खिशातले रिव्हॉल्वर म्हणजे कापसाच्या धाग्यांचे आणि तंबाखूच्या चुऱ्याचे घरटे. त्या खिशात किल्ली नको, सुट्टे पैसेही नकोत.

"आणि पाचवे," चाचा म्हणाले, "हे उडवा! घोड्याला सहा महिने तबेल्यात बांधून त्यावर लढाईला जाल काय?"

हे खिशातले हत्यार मुळात अमेरिकेचे लेकरू. सॅम्युअल कोल्टने तेथे १८३६ साली फिरत्या चक्राचे पेटंट घेतले. आखूड नळीचे, सहा गोळ्यांचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' कोल्ट कंपनीने १९२७ साली आणले आणि स्मिथ अँड वेसनने १९५० साली पाच गोळ्यांचे 'चीफ्स स्पेशल'. पोलादाचे ते हत्यार सुमारे साडेपाचशे ग्रॅमचे. पुढे वागवणाऱ्याच्या कमरेला भार नको म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला, वजन सव्वाचारशेच्या आसपास आले. टायटॅनियमने ते आणखी उतरवले. पण निसर्ग फुकट काही देत नाही. हत्यार जितके हलके, तितका धक्का मोठा. हलक्या सांगाड्यातून दणकट काडतुसे सतत उडवली तर तो पोलादापेक्षा लवकर सैल पडतो. फारच हलक्या हत्यारात धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि चक्र अडवतात. सर्वांत वाईट म्हणजे हात झणझणतो, म्हणून माणूस सराव टाळतो. खिशात ठेवायला सर्वांत सोयीचे ते हत्यार हातात धरायला सर्वांत गैरसोयीचे!

आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे बत्तीस बोअरचे, टायटॅनियम मिश्रधातूचे, पाचशे ग्रॅमचे रिव्हॉल्वर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. त्याच्या गुणदोषांबद्दल मला बोलायचे नाही. पण सव्वा लाख मोजून घेतलेली वस्तू आपल्याकडचा माणूस रेशमी फडक्यात ठेवतो, वाजवून पाहत नाही. त्यातून काडतुसे परवान्यावर ठराविक आणि महाग; गोळीबाराची मैदाने मोजकी. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात; मग पावसाळ्यात कापडी पिशवीत पडलेले हत्यार परत येते ते तांबूस ठिपके घेऊन. हत्यार बिघडते ते असे, उडवून नव्हे. जुनी पोलादी रिव्हॉल्वरे पन्नास-साठ वर्षांनीही ठणठणीत चालतात. टिकत नाही ती धन्याची शिस्त.

इमानाची एक दुसरी बाजूही आहे. हत्याराने हवे तेव्हा उडावे, हे अर्धे इमान. नको तेव्हा न उडावे, हे उरलेले अर्धे. १९४४ च्या डिसेंबरात अमेरिकन आरमाराच्या एका जहाजावर असेच एक रिव्हॉल्वर हातातून निसटून डेकवर आपटले, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा अडवणारी सुधारलेली पट्टी बसवली. फार जुन्या हत्यारांत अशी भरवशाची पट्टी नसते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची चाल होती. पण लहान मुलाच्या बोटाला ही पट्टी अडवीत नाही.

चाचांच्या त्या वर्गानंतर मी वीस-बावीस वर्षे नियम पाळले. दरसाल मैदानावर जाऊन सगळी जुनी काडतुसे उडवली. पहिल्या खेपेला सहापैकी दोन फुसकी निघाली! नेमही कळला: दहा पावलांवरचा भोपळा माझ्या हातून सुखरूप वाचला. खंडेनवमीला पाटावर रिव्हॉल्वरऐवजी त्याचा परवाना ठेवू लागलो; हळद-कुंकू त्याला वाहिले.

नंतर पट्टीचे पैसे बँकेतून परस्पर जमा होऊ लागले. सत्तरी उलटली. परवाना वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, मुलाला विचारले. तो म्हणाला, "बाबा, दरवर्षी मैदानावर जायला मला जमणार नाही, आणि न जाता ते बाळगायचं तर काय होतं हे तुम्हीच सांगितलंय." त्या रात्री घरात नातू रांगत होता. दुसऱ्या दिवशी मी रीतसर अर्ज केला, हत्यार जमा केले आणि पावती घेतली. लक्ष्मीपूजनाच्या आवाजात आवाज मिसळून हवेत एक बार काढून पाहण्याची काही मंडळींना हौस असते, त्यांना एवढेच सांगतो: आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि वर गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात खाली येते.

काल संध्याकाळी नातवाला शेजारी बसवून सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे त्या रात्री चोर कशाला घाबरले?"

मी म्हटले, "माझ्या आवाजाला, बहुतेक."

"पण तुम्हाला तो आवाज कुठून आला?"

याचे उत्तर चाचांच्या वर्गातही मिळाले नव्हते. त्या कणीने हत्यार निकामी केले होते, मला मात्र नव्हते. कारण ती तिथे आहे हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर मी जीपमधून उतरलो असतो का? आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

नातवाने वाट पाहिली नाही. माळ्यावरच्या ओलीने टिकल्या सादळल्या हे त्याने ताडले होते. पत्र्याच्या डब्यात घालून त्या दोन दिवस उन्हात ठेवल्यावर आता निम्म्याशिम्म्या वाजताहेत. उरलेल्यांसाठी तो स्वतःच तोंडाने आवाज काढतो.