एकाच कानाने ऐकताना
वाईच्या बाजारात कुणी हाक मारली, तर एका कानाने पूर्ण बहिऱ्या माणसाला ती कुठून आली हेच कळत नाही. अशा कानात साधं श्रवणयंत्र घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ‘क्रॉस’ यंत्र त्या बाजूचा आवाज बिनतारी पद्धतीने चांगल्या कानाकडे पोचवतं, हाडावर बसवलेलं यंत्र कवटीतून. दोन्हींत ऐकणारा कान एकच, म्हणून दिशा हरवलेलीच राहते. श्रवणाची नस शाबूत असेल तर शस्त्रक्रियेने बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट दिशेची ही जाण बऱ्याच अंशी परत देतं. अमेरिकेने २०१९मध्ये त्याला एका कानाच्या बहिरेपणासाठी मान्यता दिली. खर्च मात्र लाखांत, आणि आपला २०१६चा दिव्यांग कायदा दोन्ही कान गेल्याशिवाय बहिरेपण मानत नाही. हा कायदा बदललाच पाहिजे. तोवर शस्त्रक्रियेआधी क्रॉस लावून भर बाजारात हिंडून पाहावं.