रुग्णालयापासून किती दिवस दूर?

गेल्या काही वर्षांत निफाडसारख्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरच्या टेबलावरही एक नवा कागद येऊ लागला आहे. सहलीच्या कंपनीने पाठविलेला दोन-तीन पानांचा वैद्यकीय अर्ज. पूर्वी असा कागद चारधाम किंवा कैलास-मानसरोवरासाठी येत असे. आता त्यावर स्वालबार्ड, ग्रीनलंड अशी नावे दिसतात. मुले परदेशी स्थिरावलेली असतात, आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत असतात, आणि भेट म्हणून उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रातील जहाजसफर ठरविलेली असते. शेवटच्या पानाच्या तळाशी डॉक्टरांच्या सहीसाठी जागा सोडलेली असते. "तेवढी सही द्या डॉक्टर, परवा फॉर्म पाठवायचा आहे," असे म्हणणाऱ्यांना मी खुर्चीत बसवून घेतो. त्या बैठकीत जे बोलणे होते, तेच आज येथे मांडतो आहे.

सर्वांचा पहिला प्रश्न थंडीचा असतो. निफाडकरांनी तो विचारावा, याचे मला थोडे हसू येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतो. चार-पाच अंशांची पहाट आपल्याला नवी नाही. अशा पहाटे द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून धूर करणारी माणसे आपण. स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे खरा, पण पर्यटकांची जहाजे तेथे प्रामुख्याने उन्हाळ्यात जातात. लाँगइयरब्येन या तेथील मुख्य गावात जुलैचे सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या आसपास असते, आणि गोठलेल्या समुद्राच्या कडेला ते शून्याजवळ उतरते. आकड्यांपुरते पाहिले तर ही आपली पौषातली पहाटच झाली. फरक आहे तो वाऱ्याचा आणि ओलीचा. उघड्या होडीत अंगावर तुषार उडत असताना बोचरे वारे अंगातली ऊब फार लवकर ओढून नेतात.

म्हणून थंडीला कमी लेखावे, असे मात्र नाही. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. पौष-माघात माझ्या दवाखान्यातील रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे वर सरकलेले दिसतात, ते याचमुळे. वय वाढले की थंडी वाजल्याची जाणीव बोथट होते, तहानही कळत नाही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला मोजा ओला झाल्याचा किंवा बुटाने घासल्याचा पत्ता लागत नाही. त्याने रोज रात्री पाय उजेडात पाहावेत, टाच पाहण्यासाठी आरसा वापरावा. पण थंडीवर लोकरीचे थर आहेत, जलरोधक कपडे आहेत, जहाजाच्या उबदार खोलीत परतण्याची सोय आहे. अंतरावर असा कोणताही उपाय नाही, आणि खरी काळजी मला अंतराचीच वाटते.

निफाडमध्ये मध्यरात्री छातीत कळ आली तर नाशिकचे हृदयरोग रुग्णालय तासाभरावर आहे. बर्फात शिरलेल्या जहाजावर तीच कळ आली तर काय होते, याची कल्पना घरातील सर्वांनी एकदा करून पाहावी. जहाजावर सहसा एक डॉक्टर असतो. त्याच्याकडे ईसीजी, प्राणवायू, सलाइन, तातडीची औषधे आणि एखाद-दुसरी खाट असते. अँजिओग्राफी नसते, शस्त्रक्रियागृह नसते, रक्तपेढी नसते, डायलिसिस नसते. हेलिकॉप्टर येऊ शकते, पण त्याच्या पल्ल्याला मर्यादा आहे, आणि उन्हाळ्यात त्या समुद्रावर दाट धुके उतरते. हेलिकॉप्टर आलेच तर ते लाँगइयरब्येनच्या मोजक्या खाटांच्या रुग्णालयात नेणार. गंभीर रुग्णाला तेथून पुन्हा विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर, ट्रॉम्सोला हलवावे लागते, आणि ते सुमारे साडेनऊशे किलोमीटरवर आहे.

ही नुसती भीती नव्हे. जून १९८९ मध्ये 'मक्सिम गोर्की' हे प्रवासी जहाज स्वालबार्डजवळ बर्फावर आदळून फुटले. प्रवासी आणि खलाशी मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसे होती, प्रवाशांत बहुसंख्य जर्मन पर्यटक. कित्येकांना रात्री जीवरक्षक होड्यांत आणि चक्क तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवर उतरावे लागले. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे 'सेन्या' हे जहाज काही तासांत पोहोचू शकले, म्हणून सगळे वाचले. अगदी अलीकडे, ११ सप्टेंबर २०२३ रोजी, 'ओशन एक्स्प्लोरर' हे जहाज ईशान्य ग्रीनलंडच्या एका निर्मनुष्य खाडीत गाळात रुतले. जहाजावर २०६ माणसे होती. मत्स्यसंशोधनाच्या एका जहाजाने १४ तारखेला ते ओढून काढले. कुणाला इजा झाली नाही. परंतु त्या तीन दिवसांत एखाद्याचे आतडे अडकले असते तर? दोन्ही जहाजे बांधणीने कमकुवत होती असे नव्हे. त्या मुलखात मदत यायला तास किंवा दिवस लागतात, एवढेच त्यातून घ्यायचे. शिवाय २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. निसर्गासाठी हा नियम उत्तमच आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की जहाज लहान असणार, आणि त्यावरचा दवाखानाही लहान.

म्हणून "मला झेपेल का?" या प्रश्नाऐवजी मी दुसराच प्रश्न विचारायला सांगतो: माझा आजार तीन दिवस रुग्णालयावाचून थांबू शकतो का? या प्रश्नाने पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. सत्तरी ओलांडली म्हणून मी कुणालाही अडवीत नाही. रक्तदाब आटोक्यात आहे, साखर स्थिर आहे, आठ वर्षांपूर्वी बायपास झाली आणि आज न थांबता चार किलोमीटर चालता, तर अवश्य जावे. मात्र गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेल्यांना, थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांना, हृदयाच्या अशक्तपणाने अलीकडे रुग्णालयात राहिलेल्यांना, घरी प्राणवायू लागणाऱ्यांना मी सही देत नाही. डायलिसिसवर असलेल्यांचा तर प्रश्नच नाही.

आणि ज्या दुखण्यांना आपण किरकोळ समजतो, त्यांची मला अधिक धास्ती वाटते. पित्ताशयात खडे आहेत आणि एकदा कळ येऊन गेली आहे. हर्निया आहे पण 'त्रास देत नाही'. एक दाढ अधूनमधून ठणकते. निफाडमध्ये ही कामे आपण दिवाळीनंतर, मग द्राक्षे निघाल्यानंतर, मग नातीच्या लग्नानंतर अशी ढकलत राहतो. बर्फात ढकलायला जागा नसते. ही दुरुस्ती निघण्याच्या तीन महिने आधी उरकावी.

अर्जात खरे लिहावे, हे मला फार आग्रहाने सांगायचे आहे. एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलाने अर्ज भरताना तो रकाना कोरा सोडला होता. "लिहिले तर घेणार नाहीत, बाबांची इच्छा मोडेल," असे त्याचे म्हणणे. मुलाचे प्रेम खोटे नव्हते. पण जहाजावरचा डॉक्टर तो कागद पाहूनच औषधे भरून घेतो आणि उपचार ठरवितो. कोऱ्या रकान्यामुळे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. शिवाय जुना आजार लपविल्याचे निघाले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि ध्रुवप्रदेशातून रुग्णाला हलविण्याचा खर्च घर हलवून टाकणारा असतो. विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, समुद्रातून हेलिकॉप्टरने हलविण्याचा खर्च आहे का, आणि ती रक्कम त्या मुलखात पुरेल का. त्या गृहस्थांनी सफर पुढच्या वर्षावर ढकलली. मुलगा थोडा नाराज झाला. वडील मात्र सुटल्यासारखे दिसले. जाण्याची हौस मुळात कुणाची होती, हे त्यावेळी माझ्या लक्षात आले.

आता औषधांकडे वळू. दाट बर्फात समुद्र शांत असतो, कारण बर्फ लाटा दाबून टाकतो. पोटात ढवळते ते तेथे पोहोचण्यापूर्वीच्या मोकळ्या पाण्यात. मळमळीसाठी आपल्याकडे प्रोमेथाझिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टीही जहाजांवर वापरतात. तरुणांना यांनी फार तर झोप येते. ज्येष्ठांमध्ये याच औषधांनी लघवी तुंबते, काचबिंदू बळावतो, तोल जातो, आणि कधी कधी माणूस चक्क भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. घरचे घाबरून म्हणतात, 'बाबांना अर्धांग झाला'. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी घरी असतानाच एकदा लहान मात्रेत घेऊन पाहावे. उलट्या थांबत नसतील आणि पाणी पोटात ठरत नसेल, तर लघवी वाढविणारी गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनसारखी औषधे तशीच चालू ठेवल्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र मनाने कधीही बंद करू नये. ते एकदा गोठले की निकामी होते, वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसो. म्हणून ते विमानात हातातल्या पिशवीत आणि होडीत अंगालगतच्या खिशात ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते किंवा बंद पडते, ते तसेच उबेत ठेवावे.

उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नाही. लोकमान्य टिळकांनी आर्यांच्या ध्रुवीय मूलस्थानावर १९०३ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्या दीर्घ दिवसांची आणि दीर्घ उषांची चर्चा आहे. ते स्वतः तिकडे कधी गेले नव्हते. ग्रंथात ही कल्पना रम्य वाटते. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता खिडकीत ऊन पाहून वृद्ध माणसाची झोप उडते आणि रात्रीची गोळी राहून जाते. गोळ्या घड्याळ पाहून घ्याव्यात, पडदे घट्ट ओढावेत, डोळ्यांवर पट्टी बांधावी. स्मृतिभ्रंश असलेल्या आईला किंवा वडिलांना मात्र येथे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सायंकाळी गोंधळ वाढणारे मन न मावळणाऱ्या उजेडात, अनोळखी अरुंद खोलीत अधिकच सैरभैर होते, आणि जहाजाला उघडे डेक असतात. ज्या जोडप्यात एक जण दुसऱ्याला सांभाळतो, त्यांनी आणखी एक विचार करावा: सांभाळणाराच आजारी पडला, तर दुसऱ्याकडे कोण पाहणार? तिसरे माणूस सोबत नसेल तर हा प्रवास टाळावा.

किनाऱ्यावर उतरविण्यासाठी रबरी होड्या असतात. हलत्या होडीत एकमेकांचे मनगट धरून उतरावे लागते आणि कधी गुडघ्याइतक्या पाण्यात पाय टाकावा लागतो. त्यासाठी घरीच परीक्षा घ्या. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता येते का? कठडा न धरता दोन जिने चढता-उतरता येतात का? येत नसेल तर तीन महिने व्यायाम करा. तरीही जमले नाही, तर होडीत न उतरता डेकवरूनच बर्फ पाहा. डेकवरूनही तो भरपूर दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर निसरड्या डेकवर पडण्याचा धोका पत्करूच नये. डोक्याला मार लागला, तर तो फोटो काढून तपासण्याचे यंत्र तेथे नसते.

आपल्या देशाचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र आहे. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या भारतीय तुकडीतील धडधाकट माणसांचीही दिल्लीच्या एम्समध्ये कसून तपासणी होते आणि औलीच्या बर्फात सराव करून घेतला जातो. आपण मात्र पंच्याहत्तरीत एका सहीवर निघू पाहतो.

ज्यांना मी सही देत नाही, त्यांना नकार देऊनच परत पाठवीत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून चालू असलेली प्रवासी आणि माल नेणारी जहाजसेवा आज बर्गनपासून किर्केनेसपर्यंत जाते. वाटेत ती ३४ बंदरांना थांबते, ध्रुववृत्त ओलांडते, मध्यरात्रीचा सूर्यही दाखविते. गोठलेला समुद्र तीत नाही, हे खरे. पण दिवसातून अनेकदा गाव लागते, आणि ट्रॉम्सोचे मोठे रुग्णालय त्याच वाटेवर आहे.

जाणाऱ्यांनी आजारांची व औषधांची यादी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, एका पानावर लिहून घ्यावी. तिला अलीकडच्या ईसीजीची प्रत जोडावी. एक संच अंगावरच्या खिशात, एक जोडीदाराकडे आणि एक घरी राहणाऱ्या मुलासुनेकडे असू द्यावा. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस अधिक घ्याव्यात. आणि अर्ज माझ्याकडे परवा पाठवायच्या बेताने नको. तीन महिने आधी, जुन्या फाइलीसह घेऊन यावे.